अल्फॉन्सो: एका गॉथिक नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्फॉन्सो हे नाव स्पॅनिश ना? मग त्याला जर्मॅनिक का म्हणतात?

नाव स्पेनमध्ये मोठं झालं, पण जन्माने ते तिथलं नाही. रोमन साम्राज्य खिळखिळं झालं तेव्हा पश्चिम गॉथ किंवा व्हिसिगॉथ नावाचे लोक आजच्या फ्रान्सच्या नैऋत्येला येऊन स्थिरावले. ४१८ साली तुलूजच्या आसपास त्यांचं राज्य उभं राहिलं. पुढे ते पिरेनीज पर्वतापलीकडे सरकलं आणि तोलेदो ही त्याची राजधानी झाली. हे राज्य ७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांपुढे कोसळलं.

या गॉथांची भाषा जर्मॅनिक कुळातली, म्हणजे आजच्या जर्मन, डच, इंग्रजी आणि स्वीडिश भाषांची नातलग. इथे अनेकांचा घोटाळा होतो. जर्मॅनिक म्हणजे जर्मनीचं नव्हे. जर्मनी हा देश फार उशिराचा, भाषाकुळ त्याहून कितीतरी जुनं.

गॉथिक भाषा आज कुणीही बोलत नाही. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबल उतरवलं. त्या भाषांतराची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे जपून ठेवलेली आहे. स्पेनमधल्या गॉथांनी लवकरच लॅटिनची बोली उचलली आणि स्वतःची भाषा विसरून गेले. माणसांची नावं मात्र त्यांनी सोडली नाहीत.

नावाचा अर्थ काय?

दोन शब्द जोडून केलेलं हे नाव आहे. पहिला 'अडल' किंवा 'अथल', म्हणजे कुलीन, उमदा. दुसरा 'फुन्स', म्हणजे तयार, उत्सुक, सरसावलेला. पहिला शब्द तुम्ही दुसऱ्या वेषात अनेकदा पाहिला असेल. अल्बर्ट, अ‍ॅडॉल्फ, अ‍ॅलिस ही सगळी त्याचीच पिलावळ. क्रिकेटमुळे आपल्याला तोंडपाठ असलेलं अ‍ॅडलेडही त्यातलंच. त्या शहराला इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याच्या राणीचं नाव दिलं गेलं आणि राणी मूळची जर्मन होती. 'फुन्स' मात्र तितका नशीबवान ठरला नाही. जुन्या जर्मन, जुन्या इंग्रजी आणि जुन्या नॉर्स भाषांमध्ये तो भेटतो, पण आजच्या नावांत तो जवळपास अल्फॉन्सोच्याच आश्रयाने टिकून आहे.

आता यावरून 'कुलीन आणि तत्पर' असा अर्थ बाळांच्या नावांच्या यादीत छापला जातो. तो चूक नाही, पण जर्मॅनिक नावांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्याकडे चंद्रशेखर म्हटलं की समासाचा विग्रह करता येतो: चंद्र आहे शिखरावर ज्याच्या तो. जर्मॅनिक नावांचा असा विग्रह करायला गेलं की पुष्कळदा हाती काही लागत नाही. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आईकडच्या आजोबांच्या नावातला दुसरा असं जोडून मुलाचं नाव ठेवायची रीत होती. अर्थ जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी घराण्याची खूण उमटली म्हणजे झालं.

काही ठिकाणी 'लढाईला सज्ज' असाही अर्थ दिलेला असतो. खरं कोणतं?

तो अर्थ इल्डेफॉन्सो या चुलतनावाचा आहे. त्यातला पहिला शब्द 'हिल्ड', म्हणजे लढाई. सातव्या शतकात तोलेदोला इल्डेफॉन्सो नावाचे बिशप होऊन गेले. ते ६६७ साली वारले आणि पुढे संत मानले गेले. शिवाय 'अला', म्हणजे सर्व, या शब्दापासून 'सर्वथा तयार' अशीही एक व्युत्पत्ती मांडतात.

बहुधा दोन-तीन वेगवेगळी गॉथिक नावं बोलण्यात झिजत झिजत एकाच साच्यात येऊन पडली. तरी माझा कौल 'अडल'लाच, कारण उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियास आणि लेओन या राज्यांच्या राजांचे लॅटिन दस्तऐवज. त्यांत राजाचं नाव 'अडेफोन्सुस' असं लिहिलेलं असतं. तो 'ड' उगाच कुठून आलेला नाही.

एका नावाचे एवढे राजे कसे? आणि त्यांचे आकडे जुळत का नाहीत?

७११ नंतर उत्तरेच्या डोंगरांत अस्तुरियास नावाचं छोटंसं ख्रिस्ती राज्य तग धरून होतं. तिथला पहिला अल्फॉन्सो ७३९ साली गादीवर आला. संस्थापक पेलायो याचा तो जावई. या राजांना आपण बुडालेल्या गॉथ राज्याचे वारस आहोत असं जगाला दाखवायचं होतं आणि त्यासाठी गॉथ नावाइतका स्वस्त पुरावा दुसरा नव्हता. मग हे नाव घराण्यात पुन्हा पुन्हा येत राहिलं. दुसऱ्याच्या काळात संत जेम्सच्या समाधीकडे जाणारी सान्तियागोची यात्रा सुरू झाली, सहाव्याने १०८५ साली तोलेदो परत घेतलं, आठव्याने १२१२ साली मुस्लिम फौजांविरुद्धची लास नावास दे तोलोसाची मोठी लढाई जिंकली.

आकड्यांचा गोंधळ मात्र खरा आहे. आठवा अल्फॉन्सो मध्य स्पेनमधल्या कास्तिलचा राजा आणि नववा लेओनचा, दोघे चुलतभाऊ आणि बरीच वर्षं एकाच वेळी गादीवर. राज्यं दोन, पण गणती एकच. शिवाय आरागोनचे अल्फॉन्सो वेगळे मोजायचे आणि पोर्तुगालचे त्याहून वेगळे. अकरावा १३५० साली जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगने गेला आणि त्यानंतर बारावा यायला १८७४ उजाडलं. तेरावा १८८६ साली जन्मला तोच राजा म्हणून, कारण वडील आधीच वारले होते. रेआल माद्रिद या फुटबॉल क्लबच्या नावातलं 'रेआल', म्हणजे 'शाही', त्यानेच १९२० साली बहाल केलं. १९३१ साली प्रजासत्ताक आलं, त्याने देश सोडला आणि दहा वर्षांनी रोममध्ये त्याचा शेवट झाला. त्याच्यानंतर स्पेनला या नावाचा राजा मिळालेला नाही.

या सगळ्यांत लक्षात ठेवावा असा कोण?

निःसंशय दहावा, 'एल साबिओ', म्हणजे शहाणा. कास्तिलवर त्याने १२५२ ते १२८४ राज्य केलं. राजकारणात फारसा यशस्वी नव्हता. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदाच्या मागे लागून पैसा घालवला आणि शेवटी पोटचा मुलगाच उलटला. पण त्याच्या दरबारात ख्रिस्ती, ज्यू आणि अरबी जाणणारे विद्वान एकत्र बसून काम करत आणि लॅटिनऐवजी लोकांच्या कास्तिलियन भाषेत लिहीत. तेराव्या शतकात ही साधी गोष्ट नव्हती. त्याच शतकाच्या अखेरीस आपल्याकडे नेवाशाला गीता मराठीत आली, हा योगायोग मला दर वेळी आठवतो.

भारताशी त्याचं नातं दोन वाटांनी येतं. तो युवराज असताना, १२५१च्या सुमारास, 'कलीला व दिम्ना'च्या गोष्टी अरबीतून कास्तिलियनमध्ये आल्या. या गोष्टी म्हणजे आपलं पंचतंत्र. संस्कृतातून पहलवी या जुन्या इराणी भाषेत, तिथून अरबीत आणि मग तोलेदोच्या दरबारात असा त्यांचा प्रवास. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे वाटेत कलीला आणि दिम्ना झाले.

दुसरी वाट बुद्धिबळाची. १२८३ साली सेव्हिल इथे त्याने बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांचे खेळ यांवर चित्रांनी भरलेला एक ग्रंथ पुरा करवून घेतला. मूळ हस्तलिखित आज एल एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथाची सुरुवातच भारतातल्या एका राजाच्या गोष्टीने होते. राजाच्या पदरी तीन शहाणे. एक म्हणतो बुद्धी श्रेष्ठ, दुसरा म्हणतो नशीब श्रेष्ठ, तिसरा म्हणतो दोन्ही लागतात. राजा पुरावा मागतो. पहिला बुद्धिबळाचा पट मांडतो, दुसरा फासे काढतो आणि तिसरा फासे व सोंगट्या दोन्ही लागतील असा पट आणतो.

याशिवाय त्याच्या नावाच्या ग्रहगणिताच्या सारण्या युरोपभर सुमारे तीन शतकं चालल्या. कोपर्निकसच्या संग्रहातही त्यांची छापील प्रत होती. चंद्रावरच्या एका मोठ्या विवराला 'अल्फॉन्सस' हे नाव मिळालं ते त्याच्यामुळेच. १९६५च्या मार्चमध्ये अमेरिकेचं रेंजर ९ यान त्याच विवरात आदळलं आणि आदळण्यापूर्वीची चित्रं लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली.

पोर्तुगीज लोक 'अफोन्सो' म्हणतात. 'ल' कुठे गेला?

झिजला. पोर्तुगीजमध्ये हे नाव अफोन्सो असं रुळलं आणि शेवटचा ओकार बोलताना जवळपास उकार होतो, 'अफोंसु'. या उच्चाराची आठवण ठेवा, हापूसच्या प्रश्नात तो लागणार आहे.

पोर्तुगालचा पहिलाच राजा अफोन्सो हेन्रिक्स. ११३९ पासून त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं, पण पोपची मोहोर उठायला ११७९ उजाडलं. एकंदर सहा अफोन्सो त्या गादीवर बसले. सहाव्याची कथा करुण आहे. भावाने त्याला सत्तेवरून दूर केलं आणि १६८३ साली सिंत्राच्या राजवाड्यात नजरकैदेतच तो वारला.

गोव्याशी या नावाचा संबंध अल्बुकर्कमुळेच ना?

सगळ्यात ठळक संबंध तोच. पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कने १५१०च्या सुरुवातीला गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतला, मे महिन्यात गमावला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पुन्हा जिंकला. तिमोजा नावाच्या स्थानिक सरदाराची त्याला मदत होती. दुसऱ्या वेळी शहरात जी कत्तल झाली तिचा उल्लेख खुद्द पोर्तुगीज कागदांत आहे. १६ डिसेंबर १५१५ रोजी होर्मुझहून परतताना, गोव्याच्या खाडीच्या तोंडाशी, जहाजावरच तो मरण पावला.

पण नाव गोव्यात आणायला एक अल्बुकर्क लागला असं समजू नका. पोर्तुगालात अफोन्सो हे घरोघरचं नाव होतं. प्रत्येक गलबतातून दोन-चार अफोन्सो उतरत असणार.

मग हापूस आंब्याला अल्बुकर्कचंच नाव दिलंय, बरोबर?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत त्याचं ठरलेलं उत्तर छापून येतं. मला ते पटत नाही. कारणं सांगतो.

आधी आंब्याचं शास्त्र बघू. हापूसचा बाठा पुरला तर जे झाड उगवतं त्याला हापूस लागेलच असं नाही. बाठ्यातून आलेलं झाड आईवर जाईल की भलत्यावरच जाईल, सांगता येत नाही. कोकणात अशा झाडाला रायवळ म्हणतात. एखाद्या झाडाचं फळ जसंच्या तसं हवं असेल तर कलम बांधावं लागतं. जुनी पद्धत भेट कलमाची. कुंडीतलं रोप मचाणावर चढवून चांगल्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल बोटभर तासायची, कापलेले भाग एकमेकांना भिडवून सुतळीने घट्ट आवळायचे आणि एकजीव होईपर्यंत रोपाला पाणी घालत राहायचं. मग फांदी झाडापासून तोडायची आणि रोपाचा शेंडा छाटायचा. म्हणजे मूळ रोपाचं आणि वरचा संसार आईझाडाचा. आज कोकणात उभी असलेली हापूसची लाखो झाडं या हिशोबाने कुठल्यातरी एकाच झाडाच्या फांद्या आहेत.

आंब्याची कलमं करून निवडक जाती टिकवायची पद्धत गोव्यात रुजवण्याचं श्रेय पोर्तुगीजांना आणि त्यातही जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं. त्यांच्यातले पहिले, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात उतरले १५४२ साली. अल्बुकर्कला जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. त्याने गोव्यात आंबे खाल्ले असतील, पण ते रायवळ.

आता पुरावा. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस मराठी वाचकांना अनोळखी नाही. मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात तो नोकरीला होता आणि १६६५ साली त्या छावणीत शिवाजी महाराजांशी आपली भेट झाल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. हाच मनुची गोव्यातही राहिला होता. गोव्याच्या बेटावरचे आंबे सर्वांत उत्तम, असं सांगून तो त्यांच्या जातींची नावं देतो आणि यादीतलं पहिलंच नाव आहे 'निकोलाव अफोन्सोचे आंबे'. याच यादीत कुण्या सरदाराचे आंबे आहेत, जुआंव पारेराचे आहेत, मेरीमातेच्या नावाचेही आहेत. म्हणजे ज्याच्या बागेत किंवा ज्याच्या हातून जात तयार झाली त्याचं नाव फळाला चिकटायचं, ही तिथली साधी रीत दिसते. कलम एकाच झाडाचं असल्यामुळे मालकाचं नाव लागणं स्वाभाविकच होतं.

त्यामुळे माझं मत असं: हापूसमधला अफोन्सो हा निकोलाव अफोन्सो. सतराव्या शतकातला लेखी उल्लेख एका बाजूला आणि 'मोठ्या माणसाचं नाव असणार' हा तर्क दुसऱ्या बाजूला. मी लेखी उल्लेखाच्या बाजूने आहे. नाव सेनापतीचं असलं की गोष्ट रंगते हे खरं. पण गोव्यातल्या एका बागवाल्याचं नाव देवगडपासून दुबईपर्यंत पेट्यांवर छापलं जातं, ही गोष्ट मला जास्त आवडते.

'अफोन्सो'चा 'हापूस' कसा झाला? आणि बाहेरचे लोक 'अल्फान्सो' का म्हणतात?

'अफोंसु' भराभर दहादा म्हणून बघा. अनुनासिक गळतं, आफूस उरतं. गोव्यात आफूस, आपूस, आफोंस असं काहीबाही ऐकू येतं. मराठीत पुढे 'ह' लागला आणि फचा प झाला. गुजरातीत 'ह' लागला पण फ टिकला, हाफूस.

मराठी शब्दात 'ल' नाही, कारण तो थेट पोर्तुगीज तोंडातून आला. इंग्रजीतल्या अल्फान्सोमध्ये 'ल' आहे, कारण त्या रूपावर लॅटिन आणि स्पॅनिश नावाची छाया आहे. हापूस हा अपभ्रंश आणि अल्फान्सो हे शुद्ध नाव, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोव्याच्या उच्चाराशी हापूसच जास्त इमानी आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. ज्या गोव्याने नाव दिलं तो त्या यादीत नाही.

अफोन्सो हे गोव्यात आडनावही आहे. नावाचं आडनाव कसं झालं?

मध्ययुगीन पोर्तुगालात बापाच्या नावावरून मुलाची ओळख सांगत. फर्नांदोचा मुलगा फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस. शेवटचा 'एस' म्हणजे 'चा मुलगा'. अफोन्सोच्या बाबतीत मात्र प्रत्यय न लावता नाव तसंच पुढे ठेवलं जाई. पेद्रो अफोन्सो म्हणजे अफोन्सोचा पेद्रो. पुढे ही आडनावं कायमची झाली आणि धर्मांतराच्या वेळी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळून गोव्यातल्या आणि वसईतल्या घरांत शिरली. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, सत्ता गेली, आडनावं राहिली.

गंमत पुढे आहे. ही बहुतेक नावं मुळात गॉथिक वळणाची. रोद्रिगोमध्ये 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती आणि 'रिक' म्हणजे सत्ता. ७११ साली पराभूत झालेल्या शेवटच्या गॉथ राजाचं नावही रोद्रिगोच होतं. फर्नांदोमधला 'नांद' म्हणजे धाडस. गोन्सालोमध्ये 'गुंथ', म्हणजे लढाई. गोम्समध्ये 'गुमा', म्हणजे पुरुष. वसईच्या बाजारात केळी विकणाऱ्या फर्नांडिस मावशी आणि शाळेतल्या रॉड्रिग्ज बाई या दोघी एका मेलेल्या भाषेचे शब्द रोज वापरतात आणि घरी बोलतात सामवेदी किंवा वाडवळी या वसईकडच्या बोली.

सगळीच पोर्तुगीज आडनावं अशी नाहीत. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, सिल्वा म्हणजे रान, डिसोझा हे सोझा नदीकाठचे. त्यांत जर्मॅनिक काही शोधू नये.

आफ्रिकेतही एक अफोन्सो राजा होता म्हणतात?

होता आणि त्याच्यावर स्वतंत्र पान लिहिता येईल. काँगोचा न्झिंगा म्बेम्बा. बाप्तिस्म्यानंतर त्याने अफोन्सो हे नाव घेतलं आणि १५०९ पासून १५४०च्या दशकापर्यंत राज्य केलं, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं अल्बुकर्कचा समकालीन. पोर्तुगीज भाषा आणि धर्म त्याने मनापासून स्वीकारले, शाळा काढल्या. १५२६ साली त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. तुमचे व्यापारी आमची माणसं, अगदी सरदारांची मुलं आणि आमचे नातलगसुद्धा, पळवून गुलाम म्हणून विकत आहेत आणि त्यामुळे देश ओसाड पडतो आहे, अशी तक्रार त्यांत आहे. नाव राजाचं मिळालं, पण तक्रारीची दाद लागली नाही.

फ्रेंच आणि रशियन भाषांत या नावाला वाईट अर्थ आहे का?

आहे. १८७३ साली पॅरिसच्या रंगभूमीवर धाकट्या द्युमाचं, म्हणजे कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमाच्या मुलाचं, एक नाटक आलं. त्यातला आल्फाँस हा बायकांच्या पैशांवर जगणारा माणूस. नाटक विस्मरणात गेलं, पण शब्द पसरला. रशियनमध्ये 'अल्फोन्स' म्हणजे बाईच्या जिवावर चैन करणारा आणि पोलिशमध्ये तर सरळ भडवा. त्यामुळे वॉर्सात कुणाची ओळख करून देताना थोडं जपून.

फ्रान्समध्ये त्यानंतरही हे नाव चांगलं चाललं. पण आज आल्फाँस म्हटलं की फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर पणजोबा येतात.

मुलींसाठी काही रूप आहे का?

अल्फॉन्सा आणि अल्फॉन्सिना. पहिलं नाव भारतात ओळखीचं आहे ते केरळमुळे. १९१० साली कोट्टयमजवळ जन्मलेल्या अन्ना या मुलीने १९२८च्या ऑगस्टमध्ये मठात अल्फोन्सा हे नाव घेतलं. संत अल्फॉन्सो लिगोरी यांचा सण तेव्हा २ ऑगस्टला येई, म्हणून ते नाव. १९४६ साली त्या वारल्या आणि १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना संतपद जाहीर झालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. केरळमधल्या अनेक मुली, शाळा आणि दवाखाने आज त्यांच्या नावाचे आहेत.

लिगोरी हे अठराव्या शतकातले नेपल्सचे वकील. १७२३ साली एक मोठा खटला हरल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि पाद्री झाले. दक्षिण इटलीत हे नाव त्यांच्यामुळे घट्ट बसलं.

अल्फॉन्सिना म्हटलं की मला सायकलपटू अल्फॉन्सिना स्त्रादा आठवते. १९२४च्या जिरो द'इतालिया शर्यतीत ती पुरुषांबरोबर धावली. त्या शर्यतीत भाग घेतलेली ती एकमेव बाई. पेरुजियाच्या टप्प्यात वादळी पावसात तिच्या सायकलचं हँडल मोडलं. तिने झाडूचा दांडा बांधला आणि पुढे निघाली. वेळेची मर्यादा ओलांडल्यामुळे ती बाद ठरली, तरी मिलानपर्यंत सायकल चालवत गेलीच.

आज हे नाव कुठे लोकप्रिय आहे?

पोर्तुगालात. तिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत नवजात मुलांच्या नावांत अफोन्सो पहिल्या काही क्रमांकांत असतं. पहिल्या राजाचं नाव, दोन-तीन अक्षरांत मावणारं आणि कानाला जुनाट न वाटणारं. तिथे मुलांची नावं कायद्याने मान्य असलेल्या नावांतूनच निवडावी लागतात, त्यामुळे जुन्या नावांना आपोआप बळ मिळतं.

स्पेनमध्ये उलटं चित्र आहे. अल्फॉन्सो नावाची माणसं भरपूर, पण बरीचशी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली. बाळांमध्ये आता ते क्वचितच दिसतं. जर्मनीत आल्फोन्स हे बव्हेरियासारख्या कॅथलिक भागातलं आजोबांचं नाव. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन वस्त्यांमध्ये ते खूप होतं. १८९९ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला आल्फाँस कपोन, म्हणजे गुंड अल कपोन, हे त्याचं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण. आजच्या पोरांना विचाराल तर ती फुटबॉलपटू अल्फान्सो डेव्हिसचं नाव सांगतील. घानामधल्या निर्वासितांच्या छावणीत लायबेरियन आईबापांच्या पोटी जन्मलेला, कॅनडाकडून आणि बायर्न म्युनिककडून खेळणारा.

घरात काय हाक मारतात?

स्पेनमध्ये अल्फोन, फोन्सो किंवा फोन्सी. गायक लुईस फोन्सीचं पूर्ण नाव लुईस अल्फॉन्सो, फोन्सी हे त्याचंच लाडकं रूप. मेक्सिकोत या नावाला पोंचो म्हणतात. खांद्यावरून घ्यायच्या घोंगडीशी त्याचा संबंध नाही. अलोन्सो हे जुनं बोलीरूप आता स्वतंत्र नाव आणि आडनाव म्हणून चालतं. फर्नांदो अलोन्सो या शर्यतपटूच्या नाव-आडनावात त्यामुळे दोन गॉथिक नावं शेजारी शेजारी बसली आहेत.

नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाचा दिवस, कधी असतो?

बहुतेक ठिकाणी १ ऑगस्ट, लिगोरींचा सण आता त्या दिवशी असतो. इल्डेफॉन्सो नावाच्या माणसांचा २३ जानेवारी.